प्राचीन चीनचा समाज आणि राज्यकारभार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इ.स.पू. १२५० च्या सुमारास उत्तर चीनमधला एक राजा दात दुखू लागला की कोणता पूर्वज आपल्यावर रागावला आहे याचा कौल लावत असे. त्यानंतर हजार वर्षांनी छिन राज्यातला एक कारकून, सरकारी बैलाच्या कमरेचा घेर कमी भरला तर त्याच्या राखणदाराला किती फटके द्यायचे याचा नियम बांबूच्या पट्टीवर नकलून ठेवत होता. कुळाच्या आणि पूर्वजांच्या आधाराने चालणारे राज्य हळूहळू नोंदवहीच्या आधाराने चालू लागले, ही या दोन टोकांमधली गोष्ट आहे. वाचकांकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे पुढे त्याच दृष्टीने दिली आहेत.

‘प्राचीन चीन’ म्हणजे नेमका कोणता काळ आणि कोणता प्रदेश?

शांग राजवंशाचा काळ साधारणपणे इ.स.पू. १६०० ते १०४६ असा मानतात, पण त्या काळातले लिखित पुरावे मिळतात ते इ.स.पू. १२५० च्या सुमारापासून पुढचे. त्यानंतर झोउ राजवंश आला. इ.स.पू. ७७१ पर्यंत त्याची सत्ता पश्चिमेकडे, आजच्या शीआन शहराच्या परिसरात होती, म्हणून त्या कालखंडाला पश्चिम झोउ म्हणतात. पुढे राजधानी पूर्वेला लुओयांगकडे हलली आणि पूर्व झोउ काळ सुरू झाला. त्याचे ‘वसंत-शरद’ आणि ‘युद्धमान राज्ये’ असे दोन भाग पाडले जातात. इ.स.पू. २२१ मध्ये छिन राज्याने बाकीची सर्व राज्ये जिंकली. आपल्याकडच्या कालगणनेशी सांधा जुळवायचा, तर ही घटना सम्राट अशोकाच्या मृत्यूनंतर सुमारे अकरा वर्षांनी घडली.

प्रदेशाबाबत मात्र आजचा नकाशा डोळ्यांसमोर आणू नये. शांग राजांचा खरा अंमल हुआंग हो, म्हणजे पीत नदीच्या मधल्या-खालच्या खोऱ्यातल्या एका पट्ट्यावर होता. दक्षिणेकडचे यांगत्झे नदीचे खोरे, तिबेट आणि मंगोलियाकडची गवताळ पठारे हे त्यांच्या दृष्टीने परमुलूख होते.

शांगांच्या आधीचा श्या राजवंश खरा की दंतकथा?

इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आरंभी सिमा छियान या इतिहासकाराने श्या राजांची वंशावळ दिली आहे. हेनान प्रांतात एर्लीतोउ येथे १९५९ पासून झालेल्या उत्खननांत राजवाड्यांचे पाये, आखीव रस्ते आणि कांस्य ओतण्याच्या कार्यशाळा सापडल्या असून त्यांचा काळ शांगांच्या आधीचा आहे. चीनमधले बहुसंख्य अभ्यासक ही श्यांचीच राजधानी मानतात. बाहेरचे अनेक अभ्यासक मात्र सावध आहेत, कारण तिथे राजाचे किंवा राज्याचे नाव सांगणारा एकही लेख मिळालेला नाही. सिमा छियानच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. त्याने दिलेली शांग राजांची यादीही अनेकांना काल्पनिक वाटत होती, पण १९१७ मध्ये वांग ग्वोवेई यांनी ती हाडांवरच्या लेखांशी ताडून पाहिली, तेव्हा काही किरकोळ चुका वगळता ती बरोबर निघाली.

हाडांवरचे लेख म्हणजे काय? त्यांतून राज्यकारभार कसा समजतो?

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावताना मूर्तीला फुले किंवा पाकळ्या चिकटवतात आणि त्या उजवीकडून पडतात की डावीकडून, यावरून देवाचे उत्तर ओळखतात. शांग दरबारात हेच काम बैलाच्या खांद्याच्या हाडावर आणि कासवाच्या पोटाकडच्या कवचावर होत असे. हाडाच्या मागच्या बाजूला ओळीने खळगे कोरायचे, त्यांत तापलेली सळई टेकवायची आणि पुढच्या बाजूला ज्या भेगा पडतील त्या वाचायच्या, अशी ही रीत होती. चिनी लिपीत कौल या अर्थाचे अक्षर आजही एका उभ्या रेघेला फुटलेल्या आडव्या भेगेसारखेच दिसते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, कौल लावून झाल्यावर प्रश्न, तारीख, कौल लावणाऱ्याचे नाव, कधी राजाने लावलेला अर्थ आणि कधी प्रत्यक्षात काय घडले हेही त्याच हाडावर कोरून ठेवत. १८९९ च्या सुमारास वांग यीरोंग या विद्वान अधिकाऱ्याच्या लक्षात आले की औषधविक्रेते ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून जी विकतात त्यांवर प्राचीन लिपी आहे. ही कथा पुढे बरीच रंगवून सांगितली गेली, पण हाडांचा माग शेवटी हेनानमधल्या आनयांग शहराजवळ पोहोचला आणि १९२८ पासून तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झाले. १९३६ मध्ये एकाच खड्ड्यात १७,००० हून अधिक तुकडे मिळाले. आजवर मिळालेल्या तुकड्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास आहे. त्यांवर सुमारे ४,५०० वेगवेगळी अक्षरे आढळतात, पण त्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश खात्रीने वाचता येतात.

प्रश्नांचे विषय पाहिले की राजाच्या चिंता कळतात. पाऊस पडेल का, पीक येईल का, अमुक टोळीवर चढाई करावी का, या दहा दिवसांच्या आठवड्यात अरिष्ट येईल का, दातदुखीमागे कोणता पूर्वज आहे आणि त्याला किती बैल वाहिले म्हणजे तो शांत होईल, अशा गोष्टी तिथे विचारलेल्या दिसतात. आमच्या मते या हाडांना केवळ अंधश्रद्धेचा नमुना म्हणणे चुकीचे आहे, कारण प्रश्न कोणी विचारायचा, उत्तर कोणी लावायचे आणि नोंद कोणी जपायची हे सारे तिथे ठरलेले होते. ज्याला आपण दप्तर म्हणतो, त्याची सुरुवात चीनमध्ये देवघरातच झाली.

शांग राजा नेमका राज्य कसा करत असे?

तो सर्वप्रथम आपल्या कुळाचा कर्ता होता. ‘दी’ ही सर्वश्रेष्ठ शक्ती पाऊस, वारा आणि युद्धातला जय यांवर अधिकार चालवते, पण तिच्याशी सरळ बोलता येत नाही आणि दिवंगत राजेच तिच्यापर्यंत पोहोचू शकतात, अशी समजूत होती. त्या दिवंगत राजांशी बोलण्याचा अधिकार जिवंत राजाकडे असल्यामुळे सगळ्या प्रजेचे पीकपाणी त्याच्या पूजाअर्चेवर अवलंबून आहे असे मानले जाई. दहा वारांच्या नावांवरून पूर्वजांना नावे दिलेली असत आणि त्या त्या वारी त्या त्या पूर्वजाचा विधी होई. राजवंशाच्या उत्तरार्धात या विधींचे चक्र इतके लांबले की ते पुरे व्हायला जवळजवळ एक वर्ष लागे.

वारसा सुरुवातीला अनेकदा भावाकडून भावाकडे जाई आणि शेवटच्या काही पिढ्यांत तो बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. राजधानीच्या बाहेर मित्रकुळांचे प्रमुख होते. ते खंडणी पाठवत, सैनिक देत आणि कौलासाठी कासवाची कवचेही पाठवत. त्यांपैकी किती कवचे कोणाकडून आली याच्या नोंदी कवचांच्या कडेला कोरलेल्या आहेत. राजा वारंवार शिकारीला आणि स्वारीला बाहेर पडे. तो फिरत राहिला म्हणजे सत्ता फिरत राहिली, आणि त्याची पाठ वळली की एखादा मित्रप्रमुख शत्रू व्हायलाही वेळ लागत नसे. पगारी अधिकाऱ्यांची उतरंड, जिल्हे किंवा लिखित कायदा यांपैकी काहीही इथे अजून दिसत नाही.

त्या काळी स्त्रियांना सत्ता होती का?

राजा वू दिंगची पत्नी फू हाओ हिचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. तिची कबर १९७६ मध्ये आनयांगला जशीच्या तशी, चोरांचा हात न लागलेली सापडली. आत ४६८ कांस्यवस्तू, ७५० हून अधिक जेड या मौल्यवान दगडाच्या वस्तू, सुमारे ७,००० कवड्या आणि तिच्यासोबत पुरलेल्या सोळा माणसांचे अवशेष होते. एका हाडावर तिच्याकडचे ३,००० आणि आणखी १०,००० असे सैन्य जमवून शत्रूवर जाण्याविषयीचा प्रश्न कोरलेला आहे. ती यज्ञविधी करत असे आणि तिच्या नावाची स्वतंत्र जमीनही होती.

तिच्याच बाळंतपणाविषयीचा एक कौल मात्र चित्राची दुसरी बाजू दाखवतो. अमुक दिवशी प्रसूती झाली तर शुभ, असा अर्थ राजाने लावला होता. एकतीस दिवसांनी, वेगळ्याच दिवशी ती बाळंत झाली आणि हाडावर कोरले गेले की गोष्ट चांगली झाली नाही, मुलगी झाली. सेना घेऊन निघणारी राणी आणि मुलगी झाल्याची खंत या दोन्ही गोष्टी एकाच दरबारात नांदत होत्या.

नरबळी खरोखरच इतक्या मोठ्या प्रमाणावर दिले जात होते का?

होय. हाडांवरच्या लेखांत उल्लेखलेल्या बळींची बेरीज १३,००० च्या वर जाते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पश्चिमेकडच्या छियांग लोकांपैकी युद्धात पकडलेले कैदी होते. आनयांगच्या राजकबरींजवळ ओळीने पुरलेले सांगाडे या नोंदींना दुजोरा देतात. झोउ काळात ही प्रथा ओसरली, पण संपली नाही. छिन राज्याचा मू हा अधिपती इ.स.पू. ६२१ मध्ये वारला तेव्हा त्याच्यासोबत १७७ माणसे पुरली गेली, आणि छिनमध्ये या प्रथेवर बंदी आली ती थेट इ.स.पू. ३८४ मध्ये.

सामान्य माणसे कशी जगत होती?

बहुतेक लोक शेतकरी होते आणि जमिनीत अर्धवट खणलेल्या, वर गवताचे छप्पर घातलेल्या घरांत राहत. भात हे दक्षिणेचे पीक होते. उत्तरेत राळा आणि वरी या भरडधान्यांवर गुजराण होई. राजधानीत कांस्य मुबलक असले तरी ते नांगराला किंवा विळ्याला मिळत नसे. आनयांगच्या एका खड्ड्यात चारशेहून अधिक दगडी विळे एकत्र सापडले आहेत. त्यावरून अवजारे एका ठिकाणी ठेवून ती राजाच्या शेतावर राबणाऱ्यांना वाटली जात असावीत, असा तर्क करतात. कांस्य जाई ते शस्त्रांकडे आणि त्याहूनही अधिक पूजेच्या भांड्यांकडे. आनयांगला १९३९ मध्ये मिळालेल्या एका चौकोनी चारपायी भांड्याचे वजन सुमारे ८३३ किलो आहे. मातीच्या साच्यांत एवढा धातू ओतायला खाण, कोळसा, भट्टी आणि वाहतूक यांवर कितीतरी माणसे एकाच हुकमाखाली राबवावी लागली असतील. त्या काळची राजसत्ता मोजायला याहून चांगले माप मिळणार नाही.

‘स्वर्गाचा आदेश’ ही कल्पना कुठून आली?

इ.स.पू. १०४६ च्या सुमारास पश्चिमेकडच्या झोउंनी मुये येथील लढाईत शांगांचा पराभव केला. या लढाईचा वार सांगणारे एक कांस्यपात्र १९७६ मध्ये शीआनजवळ सापडले असून, लढाईनंतर अवघ्या काही दिवसांत राजाकडून मिळालेल्या धातूचे ते केलेले आहे असे त्यावरचाच लेख सांगतो. विजेत्यांपुढे अडचण अशी होती की, शांगांचे पूर्वज जर खरोखरच सर्वश्रेष्ठ शक्तीच्या शेजारी बसलेले असतील, तर त्यांच्या वंशजांना गादीवरून खेचणे हे पाप ठरत होते. झोउंनी यावर उत्तर दिले की ‘तिआन’, म्हणजे स्वर्ग, राज्याचा अधिकार योग्य माणसाला देतो आणि तो अयोग्य ठरला की काढूनही घेतो. शांगांच्या शेवटच्या राजाने आणि त्याच्या सरदारांनी दारूपायी कर्तव्य सोडले, असा आरोप झोउंच्या कांस्यलेखांतही आढळतो.

ही विजेत्याची सोयीची मांडणी होती यात शंका नाही. पण ती दुधारी निघाली, कारण जो आदेश शांगांकडून गेला तो झोउंकडूनही जाऊ शकतो, हे त्यांनीच मान्य करून ठेवले होते. पुढे इ.स.पू. चौथ्या शतकात मेन्शियस या तत्त्वज्ञाने याच आधारावर जुलमी राजाला मारणे म्हणजे राजहत्या नव्हे, असे एका राजाला तोंडावर सांगितले.

झोउंच्या व्यवस्थेला सरंजामशाही म्हणावे का?

पाठ्यपुस्तकांत हा शब्द सर्रास वापरला जातो, पण तो जपून वापरावा. सरंजाम म्हटले की चाकरीच्या करारावर दिलेली जमीन डोळ्यांसमोर येते. झोउंच्या व्यवस्थेचा कणा मात्र नात्याचा होता, आणि आपल्याकडचे ‘थोरली पाती, धाकटी पाती’ हे शब्द तिला अधिक जवळचे आहेत.

मुयेनंतर थोड्याच काळात ती लढाई जिंकणारा झोउ राजा वू वारला. त्याचा मुलगा लहान असल्यामुळे वूचा भाऊ, ज्याला झोउचा ड्यूक म्हणून ओळखतात, कारभार पाहू लागला. ते त्याच्या इतर भावांना रुचले नाही आणि त्यांनी शांगांच्या राजपुत्राशी हातमिळवणी करून बंड केले. भाऊबंदकीचे हे बंड मोडायला सुमारे तीन वर्षे लागली. त्यानंतर झोउंनी लुओयांगजवळ पूर्वेची राजधानी वसवली आणि जिंकलेल्या मुलखात मोक्याच्या जागी आपले भाऊ, पुतणे आणि सोयरे नेमले. झोउच्या ड्यूकचा मुलगा लूला गेला, सोयरेपक्षातल्या जियांग कुळाला छी मिळाले, उत्तरेला यान आणि फन नदीच्या खोऱ्यात जिन ही राज्ये झाली. शांगांच्या वंशजांना सोंग हे राज्य देण्यात आले, म्हणजे त्यांच्या पूर्वजांची पूजा बंद पडणार नव्हती. शुन्झी या तत्त्वज्ञाच्या सांगण्यानुसार सुरुवातीला ७१ राज्ये स्थापन झाली आणि त्यांपैकी ५३ राजाच्याच ‘जी’ कुळाकडे होती.

नियम असा होता की ज्येष्ठ मुलगा थोरल्या पातीचा वारस, आणि धाकटे मुलगे बाहेर पडून आपापल्या नव्या पातीचे मूळपुरुष. राजा हा सर्व पातींची थोरली पाती, त्याच्यापुढे राज्याधिपती धाकटे, पण आपापल्या राज्यात पुन्हा तेच थोरले. पूर्वजाच्या विधीत कोण कुठे उभा राहतो यावरूनच दरबारातली जागा ठरत असे. एकाच कुळात लग्न होत नसे. सगोत्र विवाहाचा निषेध माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको. त्यामुळे जी कुळाच्या मुली जियांगांकडे आणि जियांगांच्या मुली जी कुळात जात राहिल्या. गंमत अशी की, वारसा बापाकडून येत असला तरी जी आणि जियांग या दोन्ही कुळनावांच्या चिनी अक्षरांत ‘स्त्री’ हे चिन्ह आहे.

कांस्यपात्रांवरचे लेख एवढे महत्त्वाचे का मानतात?

कारण सरकारी आज्ञापत्रे नाजूक साहित्यावर असल्याने नष्ट झाली, पण ज्याला पद मिळाले त्याने त्या आज्ञेचा मजकूर घरच्या पूजेच्या भांड्यात ओतून घेतला आणि तो टिकला. राजा कोणत्या दालनात उभा होता, कोणी हाताला धरून पुढे नेले, कोणते पद, कोणती वस्त्रे आणि रथाचा कोणता साज मिळाला, हे सारे त्यांत येते. जमीन, सैन्य आणि बांधकाम यांची स्वतंत्र खाती होती हेही त्यांतून कळते. १९७५ मध्ये शान्शी प्रांतात मिळालेल्या काही पात्रांवर जमिनीचे व्यवहार आहेत. एका सरदाराने समारंभासाठी ८० माळा कवड्यांच्या किमतीचे जेड घेतले आणि बदल्यात दहा शेते दिली, अशी नोंद त्यांत वाचायला मिळते. १९६३ मध्ये बाओजी येथे मिळालेल्या एका पात्रावर आज चीनचे नाव असलेले ‘मध्य-देश’ हे दोन शब्द प्रथमच एकत्र येतात. तिथे त्यांचा रोख लुओयांगच्या परिसरावर आहे.

मग ही व्यवस्था मोडली कशामुळे?

नाते पिढीगणिक पातळ होते, हे तिचे मूळ दुखणे होते. पहिल्या पिढीत जे सख्खे भाऊ होते, ते आठव्या-नवव्या पिढीत केवळ आडनावबंधू उरले. दुसरीकडे, सरदारांना खूश ठेवण्यासाठी राजा आपल्याच खासगीतल्या जमिनी वाटत गेला आणि नवी जमीन मिळायची बंद झाली. राजा झाओ दक्षिणेच्या स्वारीत सैन्यासह बुडाला. इ.स.पू. ८४१ मध्ये राजधानीतल्या लोकांनी उठाव करून राजा लीला पळवून लावले. चीनच्या इतिहासातली वर्षवार, निश्चित कालगणना याच वर्षापासून सुरू होते.

इ.स.पू. ७७१ मध्ये शेनचा अधिपती आणि छुआनरोंग टोळ्या यांनी मिळून राजा यौ याला ठार केले. शेनचा हा अधिपती राणीचा बाप होता आणि राजाने राणीला व तिच्या मुलाला दूर लोटले होते. तिच्या जागी आणलेल्या लाडक्या बाओ सीला हसवण्यासाठी राजा खोटेच इशारतीचे जाळ पेटवत असे आणि म्हणून खऱ्या हल्ल्याच्या वेळी कोणी धावून आले नाही, ही कथा फार लोकप्रिय आहे. अलीकडे प्रकाशात आलेल्या, त्सिंगह्वा विद्यापीठाच्या संग्रहातल्या बांबूपट्ट्यांवरच्या वृत्तान्तात मात्र त्या जाळांचा मागमूस नाही. वारसाचे भांडण आणि दुखावलेले सोयरे एवढे कारण पुरेसे आहे.

पुढचे झोउ राजे नावापुरते उरले. इ.स.पू. ७०७ मध्ये झेंग राज्याविरुद्धच्या लढाईत राजाच्या खांद्यात बाण घुसला, तेव्हा उरलासुरला दराराही गेला. बलाढ्य राज्याचा अधिपती इतरांना जमवून राजाच्या नावाने तह घडवून आणी. छीच्या ह्वान या अधिपतीने इ.स.पू. ६५१ मध्ये क्वेइछियू येथे भरवलेली सभा यासाठी प्रसिद्ध आहे. अशी व्यवस्था त्या त्या माणसाच्या हयातीपुरतीच टिके.

कन्फ्यूशियस ज्या वर्गातून आला तो ‘शी’ वर्ग कोणता?

धाकट्या पातीच्या धाकट्या पात्या पडत गेल्या की शेवटी ज्यांच्या वाट्याला जमीन उरत नाही, पण ज्यांना लिहिणे, रथ हाकणे आणि विधी करणे येते, असे लोक शिल्लक राहतात. तेच हे शी. कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१-४७९) लू राज्यातल्या अशाच घरातला होता. त्याला जुन्या झोउ काळाची ओढ होती, पण ‘श्रेष्ठ माणूस’ जन्माने नव्हे तर शिकून आणि वागून घडतो ही त्याची शिकवण त्या जुन्या व्यवस्थेच्या मुळावरच येणारी होती. राज्ये लढत होती, त्यांना हिशेब ठेवणारी आणि सल्ला देणारी माणसे हवी होती आणि हा वर्ग कोणत्याही दरबारात चाकरी धरायला मोकळा होता.

‘शी, शेतकरी, कारागीर, व्यापारी’ ही चीनची चातुर्वर्ण्य व्यवस्था होती का?

नाही. या चार नावांची उतरंड विचारवंतांच्या लिखाणात आढळते आणि मुलाने बापाचाच धंदा करावा असा आग्रहही काही ठिकाणी दिसतो. पण तिला शुद्ध-अशुद्धतेचा आधार नव्हता. सर्वांत खाली लेखलेला व्यापारीही वर जाऊ शकत होता. ल्यू बुवेई हा व्यापारी छिन राज्याचा मुख्य मंत्री झाला, हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

लिखित कायदा प्रथम केव्हा जाहीर झाला?

इ.स.पू. ५३६ मध्ये झेंग राज्याचा मंत्री झिचान याने शिक्षांचे नियम कांस्यावर ओतून जाहीर केले. शेजारच्या जिन राज्यातल्या शूशियांग या जुन्या वळणाच्या मंत्र्याने त्याला निषेधाचे पत्र लिहिले. लोकांना नियम वाचता आले की ते वडीलधाऱ्यांचा धाक धरणार नाहीत, शब्दांवर बोट ठेवून सुईच्या टोकाएवढ्या गोष्टीसाठी भांडत बसतील, असा त्याचा मुद्दा होता. झिचानने नम्रपणे कळवले की पुढच्या पिढ्यांचा विचार करण्याची आपली कुवत नाही, आपल्याला आजचा काळ सावरायचा आहे. आमच्या मते या साऱ्या हजार वर्षांतला हा सर्वांत महत्त्वाचा पत्रव्यवहार आहे. इ.स.पू. ५१३ मध्ये खुद्द जिन राज्यानेही आपले नियम लोखंडी पात्रावर ओतले.

याच सुमारास करपद्धतीही बदलत होती. इ.स.पू. ५९४ मध्ये लू राज्याने जमिनीच्या मोजमापावर कर बसवला. त्यामुळे धन्याच्या शेतावर राबण्याची जुनी बांधिलकी सैल झाली आणि प्रत्येक शेत, प्रत्येक घर मोजणे राज्याला भाग पडले.

शांग यांगने नेमके काय बदलले?

आधी एक खुलासा करायला हवा. या नावातला शांग हा त्याला मिळालेल्या जहागिरीचा आहे, शांग राजवंशाशी त्याचा संबंध नाही. तो परराज्यातून आलेला शी होता आणि छिनच्या श्याओ या अधिपतीच्या आश्रयाने त्याने इ.स.पू. ३५६ आणि ३५० मध्ये दोन टप्प्यांत सुधारणा केल्या.

घरांचे पाच-पाच आणि दहा-दहांचे गट पाडून एकाच्या गुन्ह्याची जबाबदारी सर्वांवर टाकण्यात आली. गावे एकत्र करून ‘श्येन’, म्हणजे आपल्या तालुक्यासारखे विभाग केले आणि त्यांवर वंशपरंपरेने हक्क सांगणारे सरदार न बसवता नेमलेले अधिकारी बसवले. एका घरात दोन किंवा अधिक प्रौढ पुरुष असूनही ते वेगळे निघाले नाहीत, तर त्यांच्यावर दुप्पट कर लागे. एकत्र कुटुंब मोडण्यासाठी कराचा असा वापर जगाच्या इतिहासात फार थोड्यांनी केला असेल. लढाईत शत्रूचे मुंडके आणणाऱ्याला एक पायरी बढती मिळे. पुढे या पायऱ्यांची संख्या वीस झाली आणि प्रत्येक पायरीला जमीन व घर ठरलेले होते. सर्वांत धाडसी कलम राजघराण्यासाठी होते. ज्याच्या नावावर युद्धातली कामगिरी नाही, त्याचे नाव राजकुळाच्या नोंदीतून कमी करावे असे ते सांगते. झोउंच्या काळात कुळ ठरवत होते की राज्य कोणाचे. आता कुळात कोणी राहायचे, हे राज्य ठरवू लागले.

युवराजाने नियम मोडला तेव्हा शांग यांगने त्याच्या शिक्षकांना शिक्षा केली. तोच युवराज इ.स.पू. ३३८ मध्ये गादीवर आला आणि शांग यांग मारला गेला. पळून जात असताना एका खाणावळवाल्याने ‘ओळखपत्राशिवाय कोणाला ठेवू नये असा शांग यांगचाच कायदा आहे’ म्हणून त्याला दार उघडले नाही, अशी कथा सिमा छियानने दिली आहे. ती फारच नेटकी असल्यामुळे तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवणे कठीण आहे. कायदे मात्र नव्या राजाने तसेच चालू ठेवले.

एकीकरणानंतर जुनी पद्धत परत आणण्याचा विचार झाला नाही का?

झाला होता. इ.स.पू. २२१ मध्ये मुख्य मंत्री वांग वान याने सुचवले की यान, छी आणि चू हे प्रदेश लांब असल्यामुळे तिथे राजपुत्रांना अधिपती नेमावे. ली सी या मंत्र्याने त्याला विरोध केला. झोउंनीही आपलेच भाऊबंद नेमले होते आणि पुढे तेच एकमेकांचे वैरी झाले, याची त्याने आठवण करून दिली. छिनच्या सम्राटाने ली सीचे ऐकले आणि साम्राज्याचे ३६ प्रांत करून प्रत्येकावर मुलकी अधिकारी, सेनाधिकारी व तपासनीस असे तिघे नेमले. वजने-मापे, लिपी आणि गाड्यांच्या आसाची रुंदी एक केली गेली. राजवंश इ.स.पू. २०६ मध्ये बुडाला. प्रांतांची चौकट मात्र पुढच्या हान राजवंशाने मोठ्या भागात कायम ठेवली.

सामान्य अधिकाऱ्याचे रोजचे काम कसे होते, हे कशावरून कळते?

१९७५ मध्ये हुबेई प्रांतात श्वेइहूदी येथे, शी नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या कबरीत १,१०० हून अधिक बांबूपट्ट्या सापडल्या. (त्याचे नाव आणि वर उल्लेखलेला वर्ग मराठीत सारखे दिसत असले तरी चिनीत ते वेगळे शब्द आहेत.) इ.स.पू. २६२ मध्ये जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर ज्या नियमांनी काम केले, त्यांच्या नकला त्याच्या देहाभोवती ठेवल्या होत्या. पाऊस किती झाला आणि किती पिकाला त्याचा फायदा झाला हे तालुक्याने लेखी कळवावे, जवळच्या तालुक्यांनी जलद जासुदाबरोबर आणि लांबच्यांनी टपालाने, असा एक नियम त्यांत आहे. सरकारी बैलांची वर्षातून चार वेळा तपासणी होई. ज्याचा बैल उत्तम निघे त्याच्यावरच्या अधिकाऱ्याला दारू व सुके मांस बक्षीस मिळे, आणि नांगराच्या बैलाची कंबर जितके बोट कमी भरे, तितके दहा-दहा फटके जबाबदार माणसाला बसत.

त्याच पट्ट्यांत एक वर्षवार टिपणही आहे. छिन राज्याने कोणत्या वर्षी कोणावर स्वारी केली याची ती यादी, आणि मध्येच शीने स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी बसवलेल्या आहेत. सरकारी पटावर नाव लागले, लेखनिकाची नेमणूक झाली, मूल झाले, तो लढाईवर गेला, अशा त्या नोंदी आहेत. इ.स.पू. २३१ हे वर्ष त्यात फार थोड्या अक्षरांत आटोपले आहे. सातव्या महिन्यात वडील वारले, आणि आपापले वय सरकारदरबारी नोंदवले गेले.